वारा कोणत्या बाजूचा होता

फोन जुईचा होता, म्हणून मी हसतच उचलला. सकाळची वेळ, कॉलेजच्या ग्रंथालयात ड्युटीवर जायची माझी घाई, पोळ्या अर्ध्या झालेल्या. जुई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विलासची, एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची. अकोल्याहून ती मला अधूनमधून असा फोन करायची, काहीतरी विचारायला नाहीतर काहीतरी पाहिलेलं सांगायला. 'आत्या, आमच्या ग्लासाले बाहेरून घाम आला' अशा थाटाचं काहीतरी. तसंच असेल म्हणून मी फोन खांद्यात दाबून लाटत राहिले. ती म्हणाली, "आत्या, बाबा उठून नाही राहिले." मी म्हटलं, "मग झोपू दे न थोडं." तेव्हा तिच्या त्या नेहमीच्या, पाहिलेलं जसंच्या तसं सांगायच्या आवाजात म्हणाली, "मी आरसा धरला त्यांच्या नाकापुढं. वाफ नाही आली. माझ्या नाकापुढं धरला तं येते. आरसा बरोबर आहे."

मला काही कळेना. म्हणजे शब्द सगळे कळले, पण बाप-लेकीचा काहीतरी नवा खेळ चालला असेल असंच मनाने धरून ठेवलं. मी म्हटलं, "बाबाले फोन दे." ती म्हणाली, "आत्या, ते नाही घेत." तेव्हा कुठे माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तिची आई, माधुरी, तिथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी करून ती अजून घरी पोचायची होती. मी जुईला खालच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारायला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. अगदी व्यवस्थित ठेवला.

अमरावतीहून अकोल्याचा रस्ता मी किती वेळा केला असेन. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तुरीची कापलेली रिकामी वावरं आणि मध्येच हिरवा हरभरा... सगळं रोजच्यासारखं होतं. आमचे हे गाडी चालवत होते आणि मी त्यांना सारखी एकच गोष्ट विचारत होते, आरसा बरोबर आहे असं ती का म्हणाली असेल? त्यांनी शेवटी हळूच सांगितलं, "तिने खात्री करून घेतली असेल न." आम्ही पोचलो तेव्हा माधुरी दवाखान्याच्या गणवेशातच विलासच्या उशाशी बसलेली होती. पहाटे कधीतरी झोपेतच हृदय थांबलं होतं. आधी काही त्रास नाही, तक्रार नाही. जुई स्वयंपाकघरात काकूंजवळ दूध पीत होती. मला पाहून उठली, जवळ आली, पण रडली नाही. तो छोटा आरसा तिने पुसून जागेवर ठेवलेला होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, तुमचा भाऊ काय करायचा? मला नीट सांगता येत नाही. औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, असं मी सुरुवातीला सांगायची. शेवटची दोन-अडीच वर्षं तो मुलीला घरी शिकवायचा आणि संध्याकाळी, माधुरी घरी असली म्हणजे, एका मित्राच्या मेडिकलमध्ये बसायचा. हे सांगितलं की समोरचा माणूस थोडा थांबतो. "म्हणजे नोकरी सुटली होती का?" नाही, त्यानेच सोडली होती. "मुलीला काही...?" नाही, तिला तसं काही नव्हतं. मग काय होतं? तिथे येऊन माझंही अडतं.

आम्ही मूळचे चांदूर बाजारचे. वडील बाजार समितीत कारकून होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि हिशेब तोंडपाठ. मी त्यांची लाडकी, कारण मी पाढे म्हणून दाखवायची. विलास माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि गणिताला तो अक्षरशः घाबरायचा. गणिताचा पेपर असला की त्याचं पोट दुखायचं. पण त्याची भीती ढ पोरांसारखी नव्हती. तो अडायचा वेगळ्याच ठिकाणी. एकदा वडिलांनी सांगितलं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन. विलासने विचारलं, "काहून?" वडील म्हणाले, "नियम आहे." त्याने पुन्हा विचारलं, "पण काहून?" वडिलांनी पट्टी उचलली. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, पण ते गणितही सोडवलं नाही, कोरं पान समोर घेऊन जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिला. पुढे दहावीत काठावर पास झाला, बी.एस्सी. कशीबशी केली आणि औषधांच्या बॅगा घेऊन वाशीम, अकोला, मूर्तिजापूर असा फिरू लागला. बोलायला गोड होता, धंदा चांगला करायचा. अशा माणसाने आपल्या पोरीला गणित आणि विज्ञान घरी शिकवायला बसावं, हे कुणाला पटणार?

झालं असं की जुई शाळेत बोलेनाशी झाली. घरी अखंड बडबड आणि शाळेत एक अक्षर नाही. हजेरीला सुद्धा हात वर करायची फक्त. पहिली अशीच गेली. दुसरीत तिला शाळेचा दप्तर-डबा पाहिला की उलट्या व्हायला लागल्या. अमरावतीला मीच त्यांना एका बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, "काही मुलं अशी असतात. घाई करू नका, बोलेल." घाई करू नका म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर विलासने तिला शाळेत पाठवलंच नाही. आम्हाला कळलं तेव्हा आई माझ्याकडेच राहत होती. त्याला तिने अमरावतीला बोलावून घेतलं. "पोट्टीले शाळेतून काढतात का कोणी?" आई म्हणाली, "अन् घरी शिकवीन कोण? तू? तुले त्रैराशिक तरी येत होतं का?" विलास मान खाली घालून पोहे खात होता. म्हणाला, "नाही येत माय. आता शिकीन तिच्यासंगं." माधुरी कोपऱ्यात बसली होती. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, तिची संमती असावी.

मग जे सुरू झालं ते मी पाहिलंय, तरी त्याला शाळा म्हणावं का, मला ठरवता येत नाही. अकोल्याच्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या घरात गेलं की पाय जपून ठेवावा लागायचा. कुठे फरशीवर खडूने काढलेली वर्तुळं, कुठे दोरीला टांगलेला कपड्यांचा हँगर. त्या हँगरच्या दोन्ही टोकांना बरण्यांची झाकणं बांधून त्यांनी तराजू केला होता. वजनं म्हणून चिंचोके. घरातली प्रत्येक वस्तू जुईने चिंचोक्यांत मोजली होती. मी गेले तेव्हा तिने आधी माझी बांगडी काढायला लावली, मग चष्मा. मंगळसूत्र मी देईना, तर म्हणाली, "आत्या, परत देईन न, त्याचं काही कमी नाही होत." वरूडहून संत्र्यांची पेटी आली की सोलून फोडी मोजायच्या. सगळ्या संत्र्यांत सारख्याच फोडी असतात का? एका झाडाच्या असल्या तरी? जितक्या फोडी निघतील तितक्या आकड्याच्या रांगेत त्या संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवायचा. संध्याकाळपर्यंत फरशीवर सालींच्या लहान-मोठ्या रांगा, मधल्या लांब आणि कडेच्या आखूड. विलास पालथा पडून त्या रांगांकडे पाहत म्हणाला, "ताई, पाह्य. यांले कोणी सांगितलं नाही, तरी डोंगर झाला." मी पाहिलं. खरंच डोंगरासारखा आकार झाला होता. घरभर संत्र्यांचा वास होता आणि जुईचं पोट बिघडलेलं होतं.

त्याचा एक नियम होता, दिवसभर मोबाइलमध्ये उत्तर पाहायचं नाही. त्यामुळे त्याचे फोन मला येत. ग्रंथालयात मी आणि पलीकडून हा. "ताई, गच्चीवर बादलीत वाळू भरून बांबू उभा केला. सावलीच्या टोकावर दगड ठेवून राहिलो. बारा वाजता सावली सगळ्यात छोटी व्हायले पाहिजे न?" मी म्हणायची, हो. "नाही होत. बारा वाजून गेले तरी छोटीच होऊन राहिली अजून. मंग मोठी होते. आता घड्याळ चुकलं का सूर्य?" मी पुस्तकांमध्ये काम करते, पण मला हे माहीत नव्हतं. पुढे आमच्या ह्यांनी कुठूनतरी शोधून सांगितलं की आपलं घड्याळ इथल्या सूर्यावर लावलेलं नसतं, पार तिकडे पूर्वेकडच्या सूर्यावर साऱ्या देशाची वेळ धरतात, म्हणून अकोल्याचे सूर्याचे बारा उशिरा वाजतात. मी ते विलासला फोन करून सांगितलं. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "अरेरे, सांगितलं काहून? आमी अजून आठ दिवस भांडलो असतो."

दुसऱ्या एका वेळेला ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. आम्ही सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे की प्राणवायू जळून संपतो, त्याची जागा पाणी घेतं. विलासनेही जुईला तेच सांगितलं. जुईने दोन-चारदा पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, जळते तेव्हा पाणी चढत नाही. विझल्यावर चढते." विलासने पुन्हा लावून पाहिलं. तसंच होतं. तो मला फोनवर म्हणाला, "ताई, मी तिले चूक शिकवलं गं." आणि आवाज असा, जणू काही लॉटरी लागली. मला त्याची काळजी वाटली. वडील म्हणायचे, शिक्षकाने मुलांसमोर चुकू नये. हा रोज चुकत होता आणि रोज पोरीला सांगत होता, चुकलो म्हणून. यातून तिच्या डोक्यात काय पक्कं बसणार होतं? हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि अजूनही सुटलेला नाही. पण तिने फोन ठेवताना एकदा सांगितलेलं आठवतं. ग्लास गरम असतो, गार झाला की आतली हवा आकसत असेल, असं तिला वाटतं म्हणे. 'वाटते, आत्या. माहीत नाही.'

आणि एकदा गूळ. तराजूच्या एका झाकणात पाण्याची वाटी आणि तिच्या शेजारी गुळाचा खडा, दुसऱ्या झाकणात चिंचोके. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर गुळाचा खडा पाण्यात टाकला. जुई हनुवटी फरशीला टेकवून पाहत राहिली. गूळ विरघळला, दिसेनासा झाला. तराजू हलला नाही. "कुठं गेला?" विलासने विचारलं. "तिथंच आहे," जुई म्हणाली. "दिसत तं नाही." "नाही दिसत. पण आहे, वजन आहे न त्याचं." मी दारात उभी राहून हे ऐकत होते.

म्हणून पूर्णा नदीवर जे झालं ते मला सांगायलाच हवं. अस्थी विसर्जनाला लहान पोरीला नेऊ नये, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. जुईने हट्ट धरला नाही, नुसती जाऊन गाडीत बसली. माधुरी म्हणाली, "येऊ द्या तिले." नदीवर ते मडकं खाली ठेवलं तेव्हा जुईने ते नीट पाहिलं. वाकून पाहिलं. मग मला विचारलं, "आत्या, एवढंच?" मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "बाबा तं मोठे होते. बाकीचे बाबा कुठं गेले?" कुणीतरी मागून म्हणालं, देवाघरी गेले बाळा. जुईने तिकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडेच पाहत होती. काही नाहीसं होत नाही, असं तिच्या बापाने तिला चिंचोके मोजून दाखवलेलं. मी जे काही सांगितलं असतं ते एकतर खोटं झालं असतं, नाहीतर फार क्रूर. तेव्हा माधुरी पुढे आली. लेकीसमोर खाली बसली आणि म्हणाली, "धूर झाला, वाफ झाली. हवेत गेले." काही न लपवता, रोग्याच्या नातेवाइकाला सांगावं तसं. जुईने मान हलवली. वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या दिवशी वारा कोणत्या बाजूचा होता?"

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. इतकी माणसं स्मशानात गेली होती. कुणालाच आठवेना. एकजण म्हणाले, मूर्तिजापूरकडून असेल. दुसरे म्हणाले, छे, धूर तर नदीकडे जात होता. आमच्या ह्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं आणि कबूल केलं, "बाळा, पाहिलं नाही गं आम्ही." जुई नाराज झाली. बापाच्या मरणावर त्या दिवशी ती रडली नव्हती, पण हे कुणीच पाहून ठेवलं नाही म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं... आणि मग ती थांबेचना. परत अमरावतीला येताना मी गाडीची काच खाली करून बसले होते. समोरून वारा येत होता. तो कुठून आला, कुठे चालला, काहीच अर्थ लागत नव्हता आणि काच वर करावीशीही वाटत नव्हती.

तेरावं झाल्यावर मूळ प्रश्न पुढे आला. आता जुईचं काय? आई म्हणाली, "शाळेत टाका तिले. विलू मले म्हणेच, या जूनले टाकतो म्हणून." माधुरीने चमकून पाहिलं. "मले तं म्हणे, पाचवीपर्यंत घरीच शिकवू." आणि मला? दिवाळीत ते माझ्याकडे आले होते, परतताना बसस्टँडवर मी त्याला हेच विचारलं होतं. जुई तिकडे दगडावर बसून बसगाड्या पाहत होती. विलास म्हणाला होता, "तिलेच ठरवू दे न ताई. मी कोण ठरवणारा?" तिघींना त्याने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. मग आम्ही प्रत्येकीने आपल्याला हवं तेवढंच ऐकलं, की त्याचंच रोज काहीतरी वेगळं ठरत होतं? आता कुणाला विचारायचं? त्याच्या कपाटात शर्ट आणि रिकाम्या बरण्या, याखेरीज काही नव्हतं. मी सुचवलं, जुईला अमरावतीला नेते, माझ्याकडे राहील. माधुरी उठून स्वयंपाकघरात गेली, म्हणून मीही गेले.

माधुरी बार्शीटाकळीची, शेतकऱ्याच्या घरची. कमी बोलते. ओट्याकडे तोंड करून ती म्हणाली, "ताई, एक सांगू का? तुमच्या भावानं मले विचारलं नव्हतं. पोरीले शाळेतून काढलं तेव्हा. सांगितलं होतं, विचारलं नव्हतं." तिने ओटा पुसायला घेतला. "मले राग नव्हता त्याचा. ड्युटीवरून यायची, तं हे दोघं फरशीवर पालथे पडलेले राहायचे. पाह्यले छान वाटे. पण मले त्यात कोणी घेतलं नाही. मी आली की भाजी, मी आली की कपडे. मले वाटे, उद्या मले काही झालं तरी या दोघांचं असंच चालू राहीन." तिने नळ सुरू केला, बंद केला. "झालं उलटंच. आता ती माझ्याकडं पाह्यते, अन् तिच्यासंगं काय करावं ते मले येत नाही ताई. मले सलाईन लावता येते." इतक्या वर्षांत माधुरी माझ्याशी एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. माझ्या भावाच्या घरात मी येत-जात होते, सगळं पाहत होते असं मला वाटायचं. तिला मात्र मी कधी पाहिलंच नव्हतं की काय, असं झालं. जुईला अमरावतीला न्यायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

घराजवळ एक लहानशी शाळा आहे. माधुरी एक दिवस तिथे गेली आणि तिथल्या मोठ्या बाईंशी बोलली. त्या म्हणाल्या, नाव घालायची घाई नको, चार दिवस नुसती येऊन बसू दे. माधुरीने जुईला विचारलं, "जाशील?" जुई म्हणाली, "पाहून सांगते." ती गेली. उलट्या झाल्या नाहीत, हेच आम्हाला मोठं वाटलं. मी रविवारी गेले तेव्हा विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "तिथं बाईंले उत्तर आधीच माहीत असते, आत्या. मंग आमाले काहून विचारतात?" मी म्हटलं, "कोणाशी बोललीस का?" तिने पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढली. "एकीशी." "काय बोललीस?" "तिच्या बाटलीचं झाकण लागत नव्हतं. उलटं फिरवून राहिली होती." "मग?" "मंग सांगितलं तिले, इकडून फिरव." इतकंच. शाळेत उच्चारलेलं तिचं हे पहिलं वाक्य. हे विलासमुळे झालं की त्याने तिला इतके दिवस घरी ठेवलं नसतं तर आधीच झालं असतं? माधुरीने जूनपासूनचा प्रवेश नक्की केला आहे. जुई म्हणाली, चालेल. मी ऐकून हो म्हटलं. बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. विलास असता तर तोही म्हणाला असता की त्यालाही माहीत नाही. त्या उत्तराने मला कधीच धीर आला नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेले. ऊन तापायला लागलं आहे. कूलरचा स्टँड गच्चीवर होता तो काढायला माधुरी वर गेली, ती ड्युटीवरून आलेली, पांढऱ्या कपड्यांतच. तिने वरून हाक मारली. पाण्याच्या टाकीमागे प्लॅस्टिकचे तीन डबे ठेवलेले होते, मेडिकलमध्ये पावडरीचे येतात तसे, एकाच मापाचे. तिन्हींत काळी माती भरलेली. एकाच्या कडांना भोकं, दुसऱ्याच्या बुडाला भोकं, तिसऱ्याला कुठेच नाही. तिन्हींच्या मातीत एकच लांब पांढरा सुती दोरा खोचत नेलेला आणि त्याचं टोक एका रिकाम्या ग्लासात सोडलेलं. सगळं इतकं नीटनेटकं की आताच कुणीतरी मांडून खाली गेलं असावं. जुई त्यांच्याभोवती फिरली. हात लावला नाही. म्हणाली, "हे बाबानं मले नाही दाखवलं." थोडं रागावूनच म्हणाली.

कशाचा प्रयोग असेल? मी म्हटलं, दोऱ्याने पाणी वर चढतं का, ते पाहायचं असेल. "मंग ग्लास रिकामा काहून?" जुईने विचारलं. माधुरी म्हणाली, "पाणी उडून गेलं असंन इतक्या दिवसांत." "मंग किती होतं ते कसं समजीन?" "बी पेरलं असंन मातीत." "बी पेरलं असतं तं एव्हाना मेलं असतं, नाही तं उगवलं असतं." माती वरून तडकलेली होती, कशाचा कोंब नव्हता. विलासला काय पाहायचं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. उत्तर नव्हतंच, पण इथे प्रश्नही सापडत नव्हता. मी विचारलं, "टाकून द्यायचं का?" दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

ऊन डोक्यावर आलं होतं. प्लॅस्टिक उन्हाने वाकडं होईल म्हणून माधुरीने सहज एक डबा उचलला आणि सावलीकडे निघाली. जुई ओरडली. बाप गेल्यापासून ती एवढ्या मोठ्याने ओरडलेली मी ऐकली नव्हती. "आई! एकच नको हलवू! सगळं बिघडलं! हलवाचे तं तिन्ही हलवाले पाहिजे!" माधुरी डबा हातात धरून जागच्या जागी थांबली. मला वाटलं, रागावेल, रात्रभराची जागलेली आहे. ती म्हणाली, "बरं. मंग चल, तिन्ही हलवू. दुसरा घे तू. दोरा सांभाळ." जुईने दुसरा उचलला, दोरा दातांत धरला. तिसरा मी उचलला. काळ्या मातीने भरलेला, चांगलाच जड होता. "कुठे ठेवायचा?" मी विचारलं. माधुरी म्हणाली, "टाकीच्या सावलीत." आणि त्याच क्षणी जुई दातांतला दोरा न सोडता म्हणाली, "जिन्याच्या पायरीवर." दोघी एकमेकींकडे वळल्या. पायरीवर काहून? टाकीची सावली तं दुपारी सरकते न. मंग पायरीची नाही सरकत का? ... त्या तापलेल्या गच्चीवर त्यांचं जे सुरू झालं, त्यात त्यांना माझी आठवण राहिली नाही. मी डबा घेऊन उभी होते. दोघींचं ठरेपर्यंत मला तो कुठेच ठेवता येणार नव्हता.